‘ताई, तू काय लावायचीस गं पिंपल्सना?’

कॉलेजात गेलं की घरात एक न मागितलेली बढती मिळते. शाळेत जाणारा धाकटा भाऊ, मामेबहीण, शेजारचा आठवीतला पोरगा, यांचे जे प्रश्न आईबाबांपर्यंत पोचत नाहीत ते आपल्याकडे यायला लागतात. इन्स्टावर ब्लॉक केलं तर समोरच्याला कळतं का, सायन्सला किती अभ्यास असतो, आणि मग एखाद्या रात्री लाइट बंद झाल्यावर हळूच, ‘ताई, तू काय लावायचीस गं पिंपल्सना?’

या प्रश्नाला आपण बहुतेक जण एका ट्यूबचं नाव सांगून मोकळे होतो. आपल्याला सूट झालेली, रूममेटने दिलेली, रीलमध्ये बघितलेली. तेरा-चौदा वर्षांच्या पोरासाठी हे सगळ्यात कामाचं नसलेलं उत्तर आहे, आणि कधीकधी धोक्याचंही. कारण त्याने डॉक्टरला नाही, आईला नाही, तर तुम्हाला विचारलंय. तुम्ही ट्यूब सांगितलीत की त्याचा शोध तिथेच थांबतो.

आधी त्या ट्यूबबद्दलच बोलू. ‘पिंपल्ससाठी काहीतरी द्या’ म्हणून मेडिकलमध्ये गेलं तर स्टेरॉइड असलेली क्रीम हातात पडणं आपल्याकडे अजूनही अवघड नाही. गंमत म्हणजे ती सुरुवातीला छान काम करते. लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो, पोरगं खूश. नंतर मात्र त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, नको तिथे लव वाढते, नवेच पिंपल्स येतात. क्रीम बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून परत लावली जाते. त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच दिलंय. त्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८मध्ये सरकारने अशा बऱ्याच क्रीम ‘शेड्यूल एच’मध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. कागदावर तरी.

तेव्हा पहिलं काम म्हणजे भावंडाच्या कप्प्यातल्या सगळ्या ट्यूब बाहेर काढायला लावा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ती स्टेरॉइड क्रीम आहे. महिनोन्‌महिने लावली जात असेल तर घाबरवून एका दिवसात कचऱ्यात टाकू नका. ट्यूब घेऊनच डॉक्टरकडे जा, कशी सोडायची ते तेच सांगतील. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा वगैरे मात्र आजच बंद. त्यांनी त्वचा जळते, काळे डाग मागे राहतात.

पिंपल्स येतात का, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, कारण पोराला वाटत असतं की आपण घाणेरडे आहोत. वयात येताना हॉर्मोन्समुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जोरात कामाला लागतात, केसांची छिद्रं तेलाने आणि मृत पेशींनी बुजतात, आत एक जिवाणू वाढतो आणि सूज येते. ब्लॅकहेड काळा दिसतो तो मळामुळे नाही, म्हणून दिवसातून सहा वेळा तोंड घासून काही होत नाही. (वडापाव खाल्ला म्हणून पिंपल आला, याला ठोस पुरावा नाही. साखर आणि मैदा भरपूर असलेल्या खाण्याचा थोडाफार संबंध अभ्यासांत दिसतो.) कपाळावरच बारीक पुटकुळ्या असतील तर आजीच्या हातचं चपचपीत तेल जरा मागे सरकवून बघायला हरकत नाही. आजीला कसं सांगायचं, तो तुमचा प्रश्न.

खरी अडचण घरच्यांना पटवण्याची असते. ‘वय आहे, आम्हालाही यायचे, जातील आपोआप.’ हे अर्धं खरं आहे. पुष्कळांचे जातातही. पण खोल, दुखणाऱ्या गाठी येत असतील, एखादा खड्डा दिसायला लागला असेल, किंवा पोरगं फोटोतून पळत असेल, मित्रांच्या वाढदिवसाला जायचं टाळत असेल, तर ‘आपोआप’ची वाट बघणं महागात पडतं. पिंपल जातो, खड्डा राहतो. आणि खड्ड्यांवरचे लेझर वगैरे उपचार हे वेळेत सुरू केलेल्या साध्या जेलपेक्षा कितीतरी महाग असतात. आईबाबांशी बोलताना हा हिशेब मांडा, ‘त्याला कॉम्प्लेक्स आलाय’पेक्षा तो लवकर पोचतो. पण बोलण्याआधी भावंडाला विचारा, ‘आईला मी सांगू की तू सांगतोस?’ त्याने रात्री लाइट बंद करून विचारलं होतं, हे विसरू नका.

डॉक्टर म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल अशी पदवी पाटीवर असते. ब्यूटी क्लिनिकचं ‘स्किन एक्स्पर्ट’ हे त्यात बसत नाही. खासगी फी जड वाटत असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत त्वचेची ओपीडी असतेच. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा. या विभागाच्या पाटीवर बऱ्याच ठिकाणी ‘त्वचा व गुप्तरोग’ असं लिहिलेलं असतं, कारण वैद्यकशास्त्रात हा एकच विषय आहे. चौदा वर्षांचं पोरगं ती पाटी वाचून, ‘कुणी ओळखीचं बघेल’ म्हणून दारातूनच परत फिरू शकतं.

भावंड अठराच्या आतलं आहे, म्हणजे आई किंवा बाबा सोबत हवेतच. तुम्हीही जमलं तर जा, पण उत्तरं त्याला देऊ द्या. किती दिवस झाले, काय काय लावलं, घरात कुणाला होते, हे सगळं. मुलींना पाळी नियमित आहे का, हनुवटीवर केस वाढलेत का हेही विचारतील, कारण पीसीओएसचा धागा तिथे असू शकतो. मुलांनी जिमसाठी कुठली पावडर किंवा इंजेक्शन सुरू केलं असेल तर ते लपवायचं नाही.

मग डॉक्टर काय देऊ शकतात? साध्या पिंपल्सना बहुधा लावायचं औषध. अ‍ॅडापॅलीन हे त्यातलं नेहमीचं नाव. अमेरिकेत २०१६पासून ०.१ टक्क्याचं जेल बारा वर्षांवरच्यांना चिठ्ठीविना मिळतं, यावरून अंदाज यावा की या वयाला ते नवखं नाही. ते रात्री, मटारच्या दाण्याएवढं, पिंपलच्या टोकावर नाही तर सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचं. दुसरं बेन्झॉइल पेरॉक्साइड. हे जिवाणू मारतं आणि सोबत टॉवेल, उशीचे अभ्रे, शाळेच्या शर्टाची कॉलर यांचाही रंग उडवतं, म्हणून पांढरा टॉवेल वापरायचा. क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन्‌महिने लावत राहायचं नसतं, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. सूज जास्त असेल तर काही महिन्यांपुरत्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. त्या भरपूर पाण्यासोबत घ्यायच्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. उन्हाचाही त्रास होतो, त्यामुळे दुपारच्या क्रिकेटला सनस्क्रीन लागेल.

गाठी, खड्डे, काहीच लागू पडत नाही अशी स्थिती असेल तेव्हा आयसोट्रेटिनॉइन. १९८२पासून वापरात असलेली ही गोळी जबरदस्त काम करते, पण तिची शिस्त कडक आहे. ओठ फुटतात, रक्ततपासण्या कराव्या लागतात, मूडमध्ये बदल वाटला तर डॉक्टरला कळवावं लागतं. गरोदरपणात ती बाळामध्ये गंभीर व्यंगं निर्माण करते. म्हणून मुलगी चौदाची असली, शेजारी आई बसलेली असली, तरी डॉक्टर त्याबद्दल विचारतात, टेस्टही करायला सांगू शकतात. ते कुणावर आरोप करत नसतात, नियम पाळत असतात. हे आई आणि बहीण दोघींना ताईने आधीच सांगून ठेवलं तर केबिनमधली ती पाच मिनिटं सुसह्य होतात. आणि याच कारणासाठी होस्टेलच्या मैत्रिणीची उरलेली स्ट्रिप बहिणीला कधीही द्यायची नाही.

मुख्य परीक्षा यानंतर सुरू होते. यातलं कुठलंच औषध आठवड्यात काम करत नाही. पहिले काही दिवस तर चेहरा कोरडा पडतो, चुरचुरतो, आधीपेक्षा वाईट दिसतो. इथेच बहुतेक पोरं ट्यूब फेकतात. आठ ते बारा आठवडे धरून चला, म्हणजे युनिट टेस्टला सुरू केलं तर सहामाहीच्या आसपास फरक. फार आग होत असेल तर एक रात्र सोडून लावू का, हे डॉक्टरला फोन करून विचारता येतं. साधं मॉइश्चरायझर चालतं, उलट लागतंच. पिंपल फोडलेला दिसला तर ओरडू नका, पण फोडण्याने खड्डे वाढतात हे एकदा नीट सांगा. पिंपल गेल्यावर राहणारे काळे डाग आपल्या त्वचेवर महिनोन्‌महिने टिकतात. ते म्हणजे औषध फेल गेलं असं नाही.

या तीन महिन्यांत रोज ‘दाखव, दाखव, कमी झाले का’ विचारणारे घरात पुष्कळ असतील. लग्नाकार्यात तर सगळी भावकीच तज्ज्ञ असते. तुम्ही चेहऱ्यावर कॉमेंट करायची नाही, एवढं भावंडाशी ठरवून टाका. त्याऐवजी दर दोन आठवड्यांनी, त्याच खिडकीशी, सकाळच्या त्याच उजेडात, फिल्टरशिवाय एक फोटो काढा, त्याच्याच फोनमध्ये आणि त्याला हवा असेल तरच. पुढच्या व्हिजिटला ते चार-पाच फोटो डॉक्टरसमोर ठेवा. आणि सोबत एक चिठ्ठी, भावंडाच्याच अक्षरात : काय जळजळलं, कुठली रात्र चुकली, आणि आईसमोर विचारायला लाजल्यामुळे मागच्या वेळी राहून गेलेला प्रश्न.