अर्ध्या कागदावरची परीक्षा

"समजलं का?" असे वर्गात विचारले की ऐंशी माना एकदम डोलतात. मास्तरकीच्या धंद्यातला याहून निरुपयोगी प्रश्न मला ठाऊक नाही. घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढलेल्या मुलाने उभे राहून "नाही समजलं" म्हणायचे, म्हणजे केवढे धैर्य हवे!

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. येथे अशी मुले पुष्कळ. कोणाच्या घरी गोरमाटी बोलतात, कोणाच्या घरी मराठवाडी बोली. पुस्तकी मराठी त्यांना पाहुण्यासारखी. बोललो तर चुकेल, चुकलो तर हसतील, त्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असा त्यांचा सरळ हिशेब.

या मौनावर मी एक साधा उपाय करतो. तास संपायला पाच मिनिटे उरली की अर्धा कागद काढायला सांगतो. प्रश्न दोनच. आज मनात काय राहिले? आणि काय अडले? नाव नको, ज्याने त्याने आपली एक खूण काढावी. कोणी बैल काढतो, कोणी चांदणी. ऱ्हस्वदीर्घ मी पाहत नाही.

ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे चार्ल्स श्वार्ट्झ यांनी ती वापरली आणि टॉमस अँजेलो व पॅट्रिशिया क्रॉस यांच्या १९९३ च्या पुस्तकातून ती दूरवर पोचली. आमच्या फळ्यालाही ती छान मानवली!

चिठ्ठ्या वाचायला वीस मिनिटे लागतात. पण त्यांत काय काय निघते! संत नामदेवांवरच्या तासाला वीसएक चिठ्ठ्यांत एकच शब्द अडलेला निघाला : 'सगुण'. दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटे त्या शब्दाला दिली, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. हळद काढणीच्या दिवसांत एका चांदणीने लिहिले, "हळद शिजवायला घरी थांबले, दोन तास बुडाले. मधलं परत सांगाल का?" हजेरीपटावर ती नुसती गैरहजर होती.

एक सहकारी म्हणाले, "गुण ठेवा, म्हणजे सगळे लिहितील." लिहितील खरे, पण "सर, फार छान शिकवलंत" एवढेच लिहितील. गुण आले की चिठ्ठी गोड होते आणि गोड चिठ्ठीचा मास्तराला काडीचा उपयोग नाही. म्हणून चिठ्ठीला गुण नाहीत. सत्राच्या शेवटी मात्र ज्याचा गठ्ठा त्याला परत करतो. तो वाचून, पूर्वी काय अडत होते आणि आता काय अडते, यावर प्रत्येकाने एक पान नावानिशी लिहायचे. अंतर्गत मूल्यमापनात धरतो ते हे पान. त्यात पाठांतर चालत नाही; स्वतःचीच वाट स्वतः तपासावी लागते.

आमच्या जिल्ह्याला मूल्यमापनाची एक जुनी कथा लाभली आहे. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. चारचौघांत झालेला तो निवाडा नामदेवांना झोंबला, असे सांगतात. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि तेथे त्यांना गुरू भेटला. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आणि औंढा, दोन्ही आमच्याच जिल्ह्यात. नामदेवांसारख्यांना जे झोंबले, ते अठरा वर्षांच्या पोराला किती झोंबेल? चिठ्ठी हेही थापटणेच. पण त्याचा आवाज दोघांनाच ऐकू येतो.

दिवाळीच्या सुटीत मुले घरी येतील. "मार्क किती पडले?" हे आईबापांनी जरूर विचारावे, पण त्याआधी, फराळाला बसताना, "काय अडतंय रे?" एवढेही विचारून पाहावे. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ द्यावा.