खाऱ्या पाण्यावर तरंगणारे गोडे पाणी
लहान बेटांची विहीर आणि आपली नहर-ए-अंबरी

मुरूडजवळचा जंजिरा पाहायला गेलेला माणूस तोफा पाहतो, बुरूज पाहतो आणि मग आतल्या तलावांपाशी येऊन थबकतो. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी! मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. त्या किल्ल्यातही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. नावांवरूनच कळते की तिथल्या माणसांना त्या पाण्याचे किती अप्रूप होते.

शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. पण एका धड्याच्या निमित्ताने जंजिऱ्याचा विषय निघाला आणि आठवीच्या मुलांनी हाच प्रश्न धरून ठेवला: समुद्र शेजारी असताना विहीर खारी का होत नाही? उत्तर शोधता शोधता आम्ही लक्षद्वीपपर्यंत गेलो आणि तिथून थेट आमच्या हर्सूलला परत आलो.

मसुराच्या दाण्याएवढी गोष्ट

बेटावर गोडे पाणी येते ते आभाळातून. खडकाळ बेटावर पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत मुरते किंवा बांधलेल्या तलावांत साठते. लक्षद्वीपची बेटे मात्र प्रवाळाची, म्हणजे पोकळ, सच्छिद्र दगडाची आणि वाळूची आहेत. तिथे समुद्राचे पाणी बेटाच्या खालून आरपार शिरलेले असते. पावसाचे पाणी झिरपून त्याच्यावर येऊन बसते आणि बुडत नाही, तरंगते. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन १००० ग्रॅम धरले, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम भरते. गोड्या पाण्याचा हा तरंगता साठा मधे जाड आणि कडेला निमुळता असतो, अगदी मसुराच्या दाण्यासारखा.

या २५ ग्रॅमच्या फरकातच सारा हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच लष्करी अभियंता बादोन गायबेन यांनी आणि १९०१ मध्ये जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर त्याखाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी असू शकते. ऐकायला फार आनंदाचे वाटते, पण हाच हिशेब उलटा करून पाहा. पंप लावून वरची पातळी एक मीटरने उतरवली, की खालचे खारे पाणी ४० मीटर वर सरकायला मोकळे होते. शिवाय लक्षद्वीपमध्ये ही पातळी समुद्रापेक्षा फारशी उंच नसते आणि भरती-ओहोटीने गोडे-खारे सतत ढवळत असते. म्हणून तिथल्या गोड्या पाण्याचा थर काही मीटरांचाच असतो.

घरी करून पाहा

मुलांना हे आकड्यांनी पटेना. मग आम्ही वर्गात काचेचा ग्लास ठेवला. अर्धा ग्लास पाणी घेऊन त्यात तीन चमचे मीठ विरघळवले. दुसऱ्या भांड्यातल्या साध्या पाण्यात थोडा लाल रंग टाकला आणि ते चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू त्या मिठाच्या पाण्यावर सोडले. लाल थर वर तरंगत राहिला. आता शीतपेयाची नळी घ्या. तिचे टोक वरवर ठेवून हळू ओढले, तर लाल, गोडे पाणी येते. टोक खाली नेले किंवा जोराने ओढले, की मिठाचे पाणी आलेच. खाण्याचा रंग, धुतलेला ग्लास आणि स्वच्छ नळी घेतली, तर मुलांना चवीनेही फरक कळतो.

बेटावरून गोडे पाणी काढण्याची सारी विद्या या ग्लासात आहे. खोल जायचे नाही, जोराने ओढायचे नाही आणि एकाच जागेवरून ओढायचे नाही.

काढायचे कसे?

पहिली रीत जुनी आहे: घरोघरी उथळ विहीर. लक्षद्वीपमध्ये घराच्या आवारात अशी विहीर असणे ही नेहमीची गोष्ट. बादलीने पाणी शेंदले जात होते तोवर थर टिकून राहिला. पंप आले, वापर वाढला आणि विहिरीच्या जवळच संडासाचे शोषखड्डेही आले. दोन्हींचा फटका त्याच पातळ थराला बसतो.

दुसरी रीत आडव्या गॅलरीची. उभे बोअर मारण्याऐवजी पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली लांब चर खणतात, त्यात छिद्रांचे नळ आडवे टाकतात आणि भोवती खडी भरतात. सगळीकडून थोडे थोडे पाणी झिरपून मधल्या एका विहिरीत जमते. पॅसिफिक महासागरातल्या किरिबाती देशात, तारावा बेटावर, अशाच गॅलऱ्यांमधून लोकांना पाणी मिळते. दुधावरची साय अलगद काढावी तसे हे काम आहे. खालचे दूध हलता कामा नये.

तिसरी रीत, पावसाचे पाणी छतावरून टाकीत घेणे. आणि इतके करूनही पुरले नाही, तर समुद्राचे पाणी गोडे करणे. कवरत्ती बेटावर २००५ पासून चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचा असा प्रकल्प आहे. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर आहे. समुद्राच्या वरच्या उबदार पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती वाफ निववायची, असे त्याचे काम चालते.

पण यंत्रावर सगळी भिस्त ठेवली तर काय होते, ते मालदीवच्या माले शहराने दाखवले. दाट वस्तीमुळे तिथल्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी गोडे करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि सारे शहर तहानले. भारताने तेव्हा विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवले.

आमच्या पायाखालची गॅलरी

आता घरी येऊ. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले औरंगाबाद, समुद्रापासून कितीतरी दूर. पण त्याच आडव्या गॅलरीचे तत्त्व या शहराने चारशे वर्षांपूर्वी वापरले.

हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जातो, बगदादमार्गे दख्खनमध्ये येतो आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाती घेतो. तो मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. नावाप्रमाणेच खडकाळ जागा, त्यात वाढती वस्ती. पाणी आणायचे कुठून? त्याने उत्तरेच्या हर्सूल भागात जमिनीखाली झिरपणारे पाणी भुयारी मार्गात घेतले आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. वाटेत हवा खेळावी आणि सफाईला उतरता यावे म्हणून जागोजागी उभी तोंडे ठेवली. पुढे मातीच्या नळांतून ते पाणी हौदांत खेळवले. हीच नहर-ए-अंबरी. ना पंप, ना वीज. १६२६ मध्ये मलिक अंबरचे निधन झाले. त्याची कबर खुलताबादला आहे. पण नहर पुढची कित्येक पिढ्या वाहत राहिली. पुढे आणखी नहरी झाल्या. त्यांतल्या एकीच्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पानचक्की फिरली आणि वाटसरू-फकिरांसाठी पीठ दळले गेले. त्याच काळात, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपुरातही कुंडी भंडाऱ्याचे भुयारी पाणी सुरू झाले. इराणमध्ये अशाच रचनेला कनात म्हणतात.

बोअर मारण्याआधी

आज आपले शहर पैठणच्या जायकवाडी धरणावर विसंबले आहे आणि नळाला रोज पाणी येत नाही, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. उपाय म्हणून गल्लीगल्लीत बोअर होतात. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत असते. तेच पाणी नहरींना जगवत आले. आपण खोल बोअरने ते ओढून घेतो, नहरीच्या वाटेवर पाया खणतो, तिच्या तोंडांत राडारोडा टाकतो. बेटावर असे केले की पाणी खारे होते आणि लगेच जिभेला कळते. आपल्याकडे ते नुसते खाली जाते. कळते तेव्हा उशीर झालेला असतो. सूरह मुल्कची शेवटची आयत जमिनीत खोल गेलेल्या पाण्याबद्दलच आपल्याला विचारते. मे महिन्यात ती वाचताना अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घरापुरता हिशेब करून पाहू. ५०० चौरस फुटांची गच्ची आणि वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर गच्चीवर जवळपास ३२ हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी २५ हजार लिटर उरते. आज ते गटारात जाते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून देऊन बाकीचे गाळून बोअरशेजारच्या खड्ड्यात मुरवा. शोषखड्डा आणि बोअर मात्र एकमेकांपासून शक्य तितके लांब ठेवा.

मशिदीतही हे होऊ शकते. वुजूच्या पाण्यात घाण फारशी नसते. ते झाडांकडे वळवता येते. हदीसमध्ये येते की पैगंबर (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्याही आत, वुजू करीत. आपल्या नळाखाली एकदा बादली ठेवून वुजू करा आणि किती पाणी जमले ते मोजा. मुलांना मोजायला सांगितले तर ते विसरणार नाहीत.

आणि एक काम सुटीत करा. मोहल्ल्यातल्या ज्येष्ठांना विचारा, नहर कुठून जात होती, कोणत्या हौदात पडत होती. मुलांना ती वाट कागदावर काढू द्या. पानचक्की बहुतेकांनी पाहिली आहे, पण तिथले पाणी कुठून येते हे मुलांना दाखवणारे घर क्वचितच सापडेल. जी वाट ठाऊक असते, तिच्यावर राडारोडा टाकताना हात थांबतो.