वाहनाची निगा : टायर व अंतर्भाग

इंजिनाची काळजी आपण कारागिरावर सोपवितो आणि ते योग्यच आहे. परंतु टायर, बंपर, दारांची रबरे, बैठका यांकडे बहुधा कोणी पाहत नाही; पाहिलेच तर भलताच उपाय केला जातो. हे आम्ही स्वतःच्या खर्चाने शिकलो.

चिंताकीस आमच्याकडे खंडेनवमीला गाडी धुऊन टायर काळेभोर दिसावेत म्हणून डिझेलच्या बोळ्याने पुसण्याची रीत होती. तुकतुकी चार दिवस टिके व सर्वांस समाधान वाटे. पुढे उदगीरच्या मोंढ्यात तूर नेत असता मागचा टायर फुटला. गाडी कलंडली नाही हे दैव. चालकाशेजारी आमचा नातू बसला होता. टायर उतरवून पाहता नक्षी चांगली शिल्लक होती, परंतु दोन्ही बाजूंवर केसाएवढ्या भेगांचे जाळे पडले होते.

हवेतील ओझोन वायूने व उन्हाने रबर हळूहळू चिरते. त्यावर उपाय म्हणून कारखान्यातच रबरात एक प्रकारचे मेण व काही रसायने मिसळतात. चाक फिरत असता ती आतून पृष्ठभागावर येतात व कवच धरतात. डिझेल, रॉकेल किंवा जुने इंजिनतेल चोळले की हे कवच निघून जाते आणि रबर फुगून नरम पडते. टायरास पाणी व सौम्य साबण पुरे. हंगाम संपल्यावर गाडी महिनोन्महिने उभी असते, तेव्हा मेण वर येणे मंदावते. सबब अधूनमधून ती फिरवून आणावी. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीस आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलावा. बाजूवरील चार आकडेही वाचावेत : २३२१ म्हणजे सन २०२१ चा तेविसावा आठवडा. धान्य घेताना आपण नवे-जुने पारखतो, मग टायर घेताना का नाही?

आपल्या काळ्या रानाची धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, ओरखडे पडतात. आधी झटकावी, मग ओले फडके फिरवावे. डॅशबोर्डास तेल लावण्याची हौस तर टाळावीच. धूळ चिकटते आणि त्याची चकाकी समोरच्या काचेत पडून रस्ता नीट दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत गाडी सावलीत ठेवावी, नाहीतर डॅशबोर्डावर जाड कापड टाकावे. पूजेचे तेलमिश्रित कुंकू त्याच दिवशी पुसावे. (गृहिणींची नाराजी आम्ही पत्करली आहे.)

बैठकांखाली सांडलेले दाणे उंदरांस बोलावितात, व उंदीर दाण्यांवर थांबत नाहीत, तारा कुरतडतात. याहून गंभीर बाब कीडनाशक गोळ्यांची. गोदामातील ॲल्युमिनियम फॉस्फाइडची उरलेली डबी पुष्कळदा गाडीच्या कप्प्यात टाकून दिली जाते. दमट हवेने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो तांब्याच्या तारा गंजवितो आणि बंद गाडीत माणसाचा प्राण घेऊ शकतो. आमच्या गाडीच्या कप्प्यात अशी डबी दोनदा सापडली. आता ती कुलूपबंद, गोदामातच असते, आणि किल्ली आम्हांकडे.