सेरोटोनिन वाढवलं की वाट सापडते का?

गेल्या महिन्यात माझी आजी राम आळीतून घरी येताना वाट चुकली. चाळीस वर्षं पायाखालचा रस्ता! लगेच चुलतभावानं रील पाठवलं, ‘सेरोटोनिन वाढवा, स्मरणशक्ती वाढवा’, आणि खाली गोळ्यांची लिंक. विचारतो, “मागवू का?” म्हटलं, थांब, आधी समजून घेऊ.

वाटा लक्षात ठेवण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा हात असतो. प्राण्यांमध्ये हे तपासायला रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९८१ साली एक साधी युक्ती मांडली. गोल हौद, गढूळ पाणी आणि पाण्याखाली लपलेला छोटासा ओटा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो. काही दिवसांनी कुठूनही सोडा, तो सरळ ओट्याकडे जातो, कारण खोलीतल्या खुणा त्याच्या लक्षात बसलेल्या असतात. आपले मिरकरवाड्याचे मच्छीमार किल्ल्यावरचं दीपगृह बघून होडी कुठे आहे ते ताडतात ना, तसंच.

आता सेरोटोनिन. मेंदूच्या देठातल्या काही पेशी ते बनवतात आणि त्यांचे लांब धागे हिप्पोकॅम्पसपर्यंत पोचलेले असतात. तिथल्या पेशींवर ते ओळखणारे रिसेप्टर असतात. किल्ली एकच, पण कुलपं जवळपास १४ प्रकारची! कुठलं कुलूप उघडतं, त्यावर परिणाम ठरतो.

उदाहरणार्थ, ५-एचटी१ए हा रिसेप्टर चालू झाला की पेशी शांत होते. औषध देऊन तो जास्त चेतवला, तेव्हा उंदरांना ओट्याची जागा शिकणं जड गेलं. मग तो नसलेलाच बरा? तसंही नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या उंदरांमध्ये हा रिसेप्टरच नव्हता, तेही लपलेला ओटा शोधण्यात मागे पडले. म्हणजे जास्त झालं तरी पंचाईत, नसलं तरी पंचाईत.

दुसरा रिसेप्टर ५-एचटी६. तो अडवला की काही प्रयोगांत उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. त्यावरून अल्झायमरसाठी आयडालोपिर्डिन नावाचं औषध तयार झालं. २,५२५ रुग्णांवरच्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ साली आले. फायदा? दिसला नाही. हौदातल्या उंदराला जमलं ते माणसाच्या आजारात जमलं नाही.

म्हणून भावाला सांगितलं, लिंक राहू दे. नैराश्याच्या काही औषधांबरोबर सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या तर जिवावर बेतू शकतं. शिवाय म्हातारपणी वाट चुकण्यामागे बी१२ची कमतरता, थायरॉईड, एखादा संसर्ग किंवा चालू असलेली औषधंही असू शकतात, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. आजीला डॉक्टरांकडे नेलंय, तपासण्या चालू आहेत. तोवर संध्याकाळी तिच्याबरोबर राम आळीत मीच जातो.

तुमच्या घरी कुणी असं वाट चुकत असेल, तर रील बघत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. चला, भेटू पुढच्या भागात!