मोडलेल्या हाताचा हिशेब

मोटारीच्या अपघातात माणूस दगावला तर मागे राहिलेल्यांना भरपाई मिळते, एवढे आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु माणूस वाचला, हात किंवा पाय अधू होऊन घरी परत आला, तर त्याला काय मिळते आणि कोणत्या हिशेबाने मिळते, हे शिकल्यासवरल्या माणसांनाही नीट सांगता येत नाही. त्याचा वकील एक आकडा सांगतो, विमा कंपनी त्याच्या निम्म्याहूनही कमी सांगते, आणि जखमी मनुष्य जत्रेत हरवलेल्या पोरासारखा दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतो. हा आकडा येतो कोठून, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे. त्यातली आकडेमोड शाळेतल्या मुलालाही जमेल. अवघड आहे ते निराळेच.

कामगार चळवळीतल्या माणसाची भरपाईशी ओळख होते ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यामुळे. त्या कायद्याच्या परिशिष्टात अवयवांची जंत्रीच दिलेली होती. अंगठा गेला, की मिळकतीची शक्ती ३० टक्के गेली असे धरावयाचे. मग तो अंगठा विणकराचा असो की पहारेकऱ्याचा. जंत्रीने वाद कमी होतात हे खरे, पण माणूस त्या हाताने काय करीत होता हे तिला दिसत नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा खटला आला. कामावर पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, जंत्रीप्रमाणे अंशतः भरपाई द्यावी. न्यायालयाने सरळ विचारले तर सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून हा माणूस सुतार या नात्याने पूर्णच निकामी झाला, असे ठरले.

मोटार अपघातांचा कायदा १९८८ चा. त्यात न्यायाधिकरणाने न्याय्य वाटेल ती भरपाई द्यावी, एवढेच म्हटले आहे. या मोघम शब्दाला हिशेबाचे रूप दिले ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी. २००९ च्या सरला वर्मा खटल्यात वयाप्रमाणे गुणक ठरले : पंचविशीपर्यंत १८, छत्तीस ते चाळीस वर्षांना १५, एक्कावन्न ते पंचावन्नला ११, आणि पासष्टीनंतर ५. पुढे मजुरी वाढली असती तिचाही विचार व्हावा, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात वाढीचे टक्के ठरले. बांधीव पगाराच्या किंवा स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला ४० टक्के. ही वाढ जखमींनाही द्यावयाची, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले.

आता एक हिशेब मांडून पाहू. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा अडतीस वर्षांचा कामगार धरा. महिना मजुरी १२,००० रुपये. मोटारीने ठोकरल्यामुळे उजवे मनगट मोडले, हाड जुळले, पण बोटे आखडली. वर्षाची मजुरी १,४४,०००. ४० टक्के वाढ धरून २,०१,६००. गुणिले १५ म्हणजे ३०,२४,०००. येथपर्यंत दोन्ही वकिलांचे भांडण फारसे नसते. आता या रकमेतला कितवा हिस्सा गेला? डॉक्टरांचा दाखला म्हणतो, उजव्या हाताचे अपंगत्व ४० टक्के. विमा कंपनी म्हणते, ते एका हाताचे, साऱ्या शरीराच्या मानाने २० धरा. तसे केले तर होतात ६,०४,८००. पण हा कामगार धोट्यात कांडी कशी बदलणार? तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारणार? माग त्याला सुटला. फार तर कोठे राखणदारी करील. न्यायाधिकरणाला हे पटले आणि मिळकतीची हानी ६० टक्के धरली, तर तीच रक्कम १८,१४,४०० होते. हाड तेच, दाखला तोच, आणि फरक बारा लाखांच्या वर.

हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात फोड करून सांगितला आहे. अवयवाचे अपंगत्व, शरीराचे अपंगत्व आणि मिळकतीची हानी ही तीन वेगळी मापे आहेत. डावा हात गेलेला मोटारचालक किंवा सुतार जवळजवळ शंभर टक्के मिळकत गमावील. सरकारी कचेरीतला कारकून कदाचित त्याच खुर्चीवर बसेल. म्हणून न्यायाधिकरणाने आधी पाहावे, की हा मनुष्य अपघातापूर्वी काय करीत होता आणि आता त्यातले काय करू शकतो.

तेव्हा अवघड भाग गणिताचा नसून पुराव्याचा आहे. दवाखान्यातून दाखला आणला, वकिलाच्या हाती दिला, की काम झाले असे आमच्या लोकांना वाटते. नुसत्या दाखल्याने भागत नाही. तपासणाऱ्या डॉक्टराने साक्षीला येऊन कोणती हालचाल थांबली हे सांगावे लागते. मागावर नेमके काय करावे लागते हे न्यायाधीशांना कोण सांगणार? सोबतच्या कामगाराने, मुकादमाने साक्ष दिली पाहिजे. मजुरीचा कागद हवा. रोखीने मजुरी, हजेरीपटावर नाव नाही, अशी स्थिती असेल तर न्यायाधिकरण बहुधा किमान वेतनाच्या दराकडे वळते, आणि खरी मजुरी त्याहून जास्त असली तर तेवढे नुकसान कायमचे. औषधाच्या पावत्या, रिक्षाभाडे, सोबतीला राहिलेल्या माणसाचा बुडालेला रोज, हेही मागता येते. वेदनांबद्दल आणि जगण्यातल्या सुखाबद्दल निराळी रक्कम असते. तिला मात्र सूत्र नाही.

येथे एक गोष्ट बोलून टाकतो. ज्या कायद्यात मिळकतीवरून हिशेब, त्यात गरिबाचा हात स्वस्त आणि साहेबाचा महाग, हे उघड आहे. हे आम्हाला न्याय्य वाटत नाही. पण म्हणूनच गरिबाने आपली खरी मजुरी पैसापैशाने सिद्ध केली पाहिजे.

दावा अपघात घडला तेथे किंवा आपण राहतो तेथेही लावता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत सहा महिन्यांची केली आणि ती २०२२ पासून अमलात आली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. चूक थोडी आपलीही ठरली, तर तेवढा हिस्सा वजा होतो; म्हणून पोलिसांचा पंचनामा आणि रस्त्यावरचा नकाशा यांची प्रत लवकर मिळवावी.

राहिली तडजोड. चूक कोणाची हे न पाहता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, अशी तरतूद याच दुरुस्तीने केली आहे. ज्याचे हाड नीट जुळले त्याला ती सोयीची आहे. परंतु ही रक्कम एकदा स्वीकारली की मोठा दावा संपतो. वरच्या विणकराने दवाखान्याच्या बिलाच्या काळजीने सही केली, तर काय गमावले हे आता श्रोत्यांना सांगावयास नको. लोकअदालतीतही तसेच : तेथे निकाल लवकर लागतो, पण त्यावर अपील नाही. आमचा लोकअदालतीला विरोध नाही. अनेक वर्षे चालणाऱ्या दाव्यापेक्षा ती कितीदा बरी असते. फक्त तेथे जाण्यापूर्वी वरचा हिशेब कागदावर मांडावा, टक्केवारी कोणती धरली हे विमा कंपनीच्या माणसाला विचारावे, आणि उपचार पुरे होऊन हात किती चालतो हे कळेपर्यंत सही करू नये.

रक्कम मंजूर झाल्यावर ती सगळी हातात येतेच असे नाही. न्यायाधिकरण पुष्कळदा काही भाग बँकेत मुदतठेवीत ठेवावयास सांगते. पुन्हा शस्त्रक्रियेसाठी पैसा लागला, तर डॉक्टरांचा कागद जोडून त्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा.