टायरदाब, वाळू व खडबडीत मार्गांवरील

टायरदाब, वाळू व खडबडीत मार्गांवरील : चारही चाकांना एंजिनाची शक्ती पुरविणारी मोटारगाडी वाळू, खडी किंवा खडक यांवरून चालविताना टायरमधील हवेचा दाब पृष्ठभागाच्या प्रकारानुसार बदलावा लागतो. डांबरी रस्त्यासाठी ठरविलेला दाब अशा ठिकाणी पुष्कळदा अयोग्य ठरतो. कारण पक्का रस्ता चाकाच्या भाराने दबत नाही, वाळू मात्र दबते व सरकते. चाकाखालची जमीनच टिकाव धरत नसेल, तर एंजिनाची सर्व शक्ती चाक अधिक खोल रुतविण्यात खर्ची पडते.

तत्त्व : टायर जमिनीवर जो दाब देतो, तो स्थूलमानाने आतील हवेच्या दाबाइतका असतो. २,००० किग्रॅ. वजनाच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर सरासरी ५०० किग्रॅ. भार येतो. हवेचा दाब दर चौ. सेंमी.ला २·५ किग्रॅ. असल्यास हा भार पेलण्यास सु. २०० चौ. सेंमी. संपर्कक्षेत्र लागते, दाब १·२५ किग्रॅ. केल्यास ते सु. ४०० चौ. सेंमी. होते. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार पेलतात, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ याहून काहीशी कमी असते. संपर्कक्षेत्र रुंदीपेक्षा लांबीत अधिक वाढते, हे महत्त्वाचे आहे. लांबट पाऊल उमटविणारे चाक कमी रुतते आणि पुढे वाळूचा ढीग लोटत नाही. त्यामुळे गतीला होणारा विरोध घटतो.

इतिहास : या उपायाचा पद्धतशीर वापर रॅल्फ बॅगनॉल्ड (१८९६–१९९०) या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्यांनी लिबियाच्या वाळवंटात केला. १९२९, १९३० व १९३२ मधील मोहिमांत त्यांनी साध्या फोर्ड मोटारी वाळूच्या टेकड्यांवरून नेल्या. टायरमधील हवा कमी करणे, रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी घालणे व टेकडीच्या वाऱ्याकडील घट्ट उतारावरून चढणे, ही त्यांची तंत्रे १९४० मध्ये त्यांनीच उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या सैनिकी तुकडीने वापरली. टेकडीच्या वाऱ्याआडील बाजूची वाळू सु. ३३° उताराने नुसती टेकून राहिलेली असते. ती भाराने लगेच घसरते. १९४२ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ‘डक’ या जलस्थलगामी वाहनात चालकाला बसल्या जागेवरून टायरचा दाब कमीजास्त करण्याची सोय होती. पुढे अशी यंत्रणा अनेक लष्करी वाहनांत आली.

दाबाची निवड : एकच आकडा सर्व गाड्यांना लागू पडत नाही. गाडीचे वजन, त्यातील सामान, टायरचा आकार व बांधणी यांवर तो अवलंबून असतो. मध्यम वजनाच्या गाडीचा रस्त्यावरील दाब सामान्यतः दर चौ. सेंमी.ला २·० ते २·५ किग्रॅ. (दर चौ. इंचाला २८ ते ३५ पौंड) असतो. खडीच्या किंवा लाटांसारख्या वळ्या पडलेल्या मार्गावर तो सु. एकपंचमांशाने ते एकचतुर्थांशाने कमी केल्यास हादरे सौम्य होतात. मऊ वाळूत १·१ ते १·४ किग्रॅ. (१६ ते २० पौंड) दाबाने सुरुवात करतात. गाडी रुतलीच, तर चाके फिरवीत न राहता पुढील वाळू उकरून दाब ०·८५ किग्रॅ. (१२ पौंड) पर्यंत उतरवितात व बाहेर पडताच तो पुन्हा वाढवितात. मागील आसावर अधिक सामान असल्यास मागील टायरांत किंचित जास्त हवा ठेवतात. खडकांवर कमी दाबाचा टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबून पकड घेतो. पण त्याच्या फुगलेल्या भिंती धारदार दगडाने चिरण्याचा संभव वाढतो. म्हणून तेथे चालण्याच्या वेगानेच जावे लागते.

दाब नेहमी टायर थंड असताना मोजतात. तापमान १०° से.ने वाढले, तर दाब सु. ०·१ किग्रॅ.ने वाढतो. राजस्थानच्या थर वाळवंटात पहाटे व दुपारी घेतलेल्या मापांत त्यामुळे लक्षणीय फरक पडू शकतो. त्रिज्यीय टायर योग्य दाबालाही बसल्यासारखा दिसतो, म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणे योग्य नाही, दाबमापक वापरावा.

धोके व दक्षता : दाब कमी केला की वेगही कमी केलाच पाहिजे. कमी हवेच्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात व त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. वाळूतून डांबरी रस्त्यावर येऊन हवा न भरता वेगाने गेल्यास टायरचे थर सुटून तो फुटू शकतो. वाळवंटी प्रवासातील हा सर्वांत घातक प्रमाद होय. कारण वाळूत होणारी चूक बहुधा गाडी अडवून ठेवते, तर ही चूक ती उलटवू शकते. फार कमी दाबात एकदम वळण घेतल्यास पोलादी तारा असलेली टायरची कडा रिमवरून निसटते. ट्यूब असलेला टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटला जाण्याचीही भीती असते. म्हणून दाबमापक, हवा भरण्याचा पंप, फावडे व जादा चाक जवळ असल्याखेरीज हवा सोडणे धोक्याचे आहे. निर्जन भागात दुसरी गाडी व पुरेसे पाणी सोबत असावे.

योग्य दाबामुळे मार्गाचेही रक्षण होते. न घसरणारी चाके कमी खोल चाकोऱ्या पाडतात. समुद्रकिनाऱ्यावर मात्र एवढे पुरेसे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे वाळूत अंडी घालतात. अशा वाळूवर वाहन नेल्यास घरटी दबतात व चाकोऱ्यांत अडकलेली पिले समुद्रापर्यंत पोहोचू शकत नाहीत. तेथे कोणताही टायरदाब योग्य ठरत नाही.