गुंगीचें इंजेक्शन आणि मुकीं जनावरें

शिंगाचा कर्करोग आपल्याकडील बैलांना पुष्कळदां गांठतो, आणि त्यावरचा मुख्य उपाय म्हणजे तें शिंग मुळापासून कापून काढणें. पूर्वी या कामाला चार-सहा माणसें, एक लांब दोरखंड आणि पुष्कळ आरडाओरडा एवढी सामग्री लागत असे. बैलाला आवळून पाडावयाचें, पाय बांधावयाचे, एकानें मानेवर बसावयाचें आणि मग करवत चालवावयाची. या धडपडींत कधीं जनावराचा पाय मोडे, कधीं माणसाची बरगडी. आतां पशुवैद्याच्या पेटींत गुंगीच्या औषधाची लहानशी बाटली असते, आणि दोर अजून लागत असला तरी दांडगाई पुष्कळ कमी झाली आहे. श्रोतेहो, या बाटलीचे गुण सर्वांच्या कानांवर आले आहेत. तिच्या मर्यादा मात्र फारशा कोणाला ठाऊक नाहींत, आणि अपाय होतो तो त्यामुळेंच.

या औषधांतील एक प्रमुख औषध म्हणजे झायलाझीन. जर्मनींतील बायर कंपनीनें १९६२ सालीं तें शोधून काढलें तें माणसांचा रक्तदाब उतरविण्याच्या हेतूनें. पण माणसाचा रक्तदाब तें भलताच खालीं नेई व सुस्तीही फार आणी, म्हणून तो नाद सोडावा लागला आणि औषध गोठ्यांत व तबेल्यांत गेलें. जनावराला सावध व पळावयास सज्ज ठेवणारें एक द्रव्य त्याच्या मज्जातंतूंच्या टोकांतून पाझरत असतें. झायलाझीन हा पाझर कमी करतें. मग मान खालीं येते, ओठ लोंबतो, स्नायू सैल पडतात आणि वेदनाही कांहीं प्रमाणांत कमी होते.

आतां खरी मेख पहा. घोड्याला हें औषध शिरेंतून द्यावयाचें तर वजनाच्या दर किलोमागें सुमारें १ मिलिग्रॅम लागतें. गायीला त्याचा दशांश पुरतो, कित्येकदां त्याहूनही कमी. म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला जी मात्रा नुसती झिंग आणील, ती तेवढ्याच वजनाच्या गायीला जिवावरची ठरेल. उलट डुकराला हें औषध मोठ्या मुष्किलीनें चढतें. शिवाय तें २० आणि १०० मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या शक्तींत मिळतें. बाटल्या मात्र दिसावयास सारख्याच. तेव्हां ‘मागच्या वेळीं डॉक्टरांनीं एवढेंच टोचलें होतें’ या आठवणीवर विसंबून स्वतः सुई हातीं घेणारा मालक धाडसी नव्हे, अविचारी होय.

रवंथ करणाऱ्या जनावराची आणखी एक अडचण असते. त्याच्या पोटांत चारा आंबून वायु सारखा तयार होत असतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. गुंगींत पोटाची ही हालचाल मंदावते, ढेकर थांबते, आणि जनावर कुशीवर पडून राहिलें तर पोट फुगून छातीवर दाब येतो. पोटांतलें पाणी घशाशीं येऊन फुप्फुसांत उतरण्याचें भय निराळेंच. म्हणून मोठ्या गुराला आधीं अठरा ते चोवीस तास चारा बंद ठेवतात (दूध पिणाऱ्या वासराला मात्र इतकें उपाशी ठेवीत नाहींत), शक्यतों छातीवर बसतें ठेवतात, आणि लाळ बाहेर गळेल असें डोकें ठेवतात. आपल्याकडील प्रेमळ माणसें नेमकें येथें चुकतात. आज बिचाऱ्याचें शिंग कापणार, म्हणून सकाळीं त्याला पोटभर पेंड चारतात आणि डॉक्टरांना तें सांगत नाहींत! गाय गाभण असेल तर तेंही आधींच सांगावें. दिवस भरत आले असतां झायलाझीननें गर्भाशयाला कळा येऊं शकतात.

गुंगी म्हणजे बधिरता नव्हे. डोळ्याच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या मुळाकडे जाणारा मज्जातंतु निराळी सुई टोचून बधिर केल्यावांचून शिंगाला करवत लावणें हें क्रौर्यच होय. पेंगणारा घोडाही नेम धरून लाथ मारतो, हें तबेल्यांतल्या माणसांना पुरतें ठाऊक असतें.

शहरांतल्या घरांचा संबंध येतो तो कुत्र्यामांजरांमुळें. दिवाळींतल्या फटाक्यांनीं कुत्रें भेदरतें आणि मग ‘एक गुंगीचें इंजेक्शन द्या’ अशी मागणी होते. पुष्कळदां त्यासाठीं अ‍ॅसेप्रोमॅझीन सुचविलें जातें. त्यानें कुत्रें निपचित पडतें, घरची मंडळी निश्चिंत होतात. पण भीति आंत तशीच राहते, फक्त पळून जाण्याची शक्ति हिरावली जाते. या कामीं एकट्या अ‍ॅसेप्रोमॅझीनवर भिस्त ठेवूं नये असेंच आज जाणते पशुवैद्य सांगतात. भीति उतरविणारीं औषधें वेगळीं आहेत. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला तर कोणतीही गुंगी देतांना त्याच्या श्वासावर नजर ठेवावी लागते.

झायलाझीनला उतारे आहेत. एक योहिम्बिन, आफ्रिकेंतील एका झाडाच्या सालींत सांपडणारें, दुसरें अ‍ॅटिपामेझोल. मात्र उताऱ्यासरशीं गुंगीबरोबर वेदनेवरचें पांघरूणही उडतें, आणि अ‍ॅसेप्रोमॅझीनला तर असा नेमका उतारा नाहींच. म्हणून जनावर नीट गिळूं लागेपर्यंत त्याच्यापुढें पाणीसुद्धां ठेवूं नये, आणि कुत्र्याला जिन्यापासून दूर ठेवावें.

राहतां राहिला माणूस. अमेरिकेंत हें औषध फेंटॅनिल या मादक द्रव्यांत मिसळलें जाऊं लागलें, आणि २०२३ च्या एप्रिलमध्यें तेथील सरकारनें त्या मिश्रणाला उगवतें संकट म्हणून घोषित केलें. अफूच्या जातीच्या विषावर चालणारा नालोक्सोन हा उतारा झायलाझीनवर चालत नाहीं. गोठ्यांत जनावर धरतांना सुई चुकून आपल्याच हातांत शिरली, तर थोडी झोंप येईल म्हणून घरीं पडून राहूं नये. ताबडतोब रुग्णालय गांठावें, आणि डॉक्टरांना नांव व शक्ति वाचतां यावी म्हणून ती बाटली बरोबर न्यावी.